फ्लॅट निवडताना जवळच्या बागेला किती किंमत द्यावी? एका फॅमिली डॉक्टरचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. वडील ७१ वर्षांचे, मधुमेह आणि ब्लडप्रेशर दोन्ही, गोळ्या चालू. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात. दोघं सोलापूरचं घर आवरून कायमचे तुमच्याकडे पुण्याला येणार. मुलगी सात वर्षांची. समोर दोन फ्लॅट आहेत, किंमत जवळपास सारखी. एक कोथरूडला जुन्या सोसायटीत, दोन बेडरूमचा, लिफ्ट आहे आणि महापालिकेची बाग चालत पाच मिनिटांवर. दुसरा बालेवाडीला नव्या प्रकल्पात, तीन बेडरूमचा, अकराव्या मजल्यावर. तिथल्या बाल्कनीतून टेकडी दिसते, खाली लॉन आहे, क्लबहाऊस आहे, पण खऱ्या बागेत किंवा टेकडीवर जायचं तर गाडी काढावी लागते. आणि तुम्ही विचारताय की हिरवळ जवळ असण्याने तब्येतीत खरोखर फरक पडतो का, की एक खोली सोडून देण्याइतकं त्यात काही नाही.

मी कोथरूड-कर्वेनगरच्या पट्ट्यात दोन दशकांहून जास्त काळ फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. माझ्या मते फरक पडतो. पण 'हिरवळ तब्येतीला चांगली असते का' हा प्रश्न तुमच्यासाठी फार ढोबळ आहे. तुमचा खरा प्रश्न असा आहे: या दोन घरांपैकी कोणत्या घरातून तुमचे आईवडील, कोणी आग्रह न करता, आपणहून रोज बाहेर पडतील? मी जे काही पुढे लिहिते आहे ते या एका प्रश्नाभोवती आहे.

काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. वडिलांना मधुमेह किती वर्षांचा आहे, पायांची संवेदना शाबूत आहे का, छातीचा काही त्रास होऊन गेलाय का, आईला जिना उतरता येतो का, दोघांचा स्वभाव बोलका आहे की एकलकोंडा. यातलं एक उत्तर बदललं तरी माझा सल्ला थोडा बदलेल.

आधी पुरावा, कारण तुम्ही तो मागितला आहे. २०१९ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात सात देशांमधल्या नऊ दीर्घकालीन अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात ८० लाखांहून जास्त माणसं होती. घराभोवती ५०० मीटरच्या आतली हिरवाई उपग्रहाच्या चित्रांवरून मोजली होती. हिरवाईचा निर्देशांक (साधारण शून्य ते एक, जितका एकाच्या जवळ तितकी दाट हिरवाई) ०.१ ने वाढला की कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सरासरी ४ टक्क्यांनी कमी दिसलं. आकडा छोटा वाटेल, पण लाखोंच्या शहरात तो मोठा असतो. मात्र त्या सात देशांत भारत नव्हता, आणि अशा अभ्यासांत एक अडचण कायम राहते: झाडं असलेल्या भागात बहुधा पैसेवाली माणसं राहतात आणि त्यांची तब्येत इतर कारणांनीही चांगली असते. संशोधक हिशेबात उत्पन्न धरतात, तरी शंका पूर्ण फिटत नाही.

म्हणून मला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. तिथे शहरातल्या ५४१ पडीक जागा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काही ठिकाणी साफसफाई करून गवत आणि थोडी झाडं लावली, काही ठिकाणी नुसता कचरा उचलला, काही जागा तशाच ठेवल्या. हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये 'मन उदास असतं' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचलून तसा ठळक फरक पडला नाही. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. तिथे कोणी श्रीमंत झालं नव्हतं, कोणी घर बदललं नव्हतं. बदललं होतं ते घरासमोरचं दृश्य आणि तिथे जाऊन बसण्याची सोय.

आता हे घडतं कसं, ते तुमच्या घरातल्या माणसांच्या संदर्भात सांगते. सगळ्यात मोठा भाग अर्थातच चालण्याचा. स्नायू हालचाल करत असताना रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची एरवीइतकी गरज लागत नाही. हा परिणाम चालणं थांबल्यावरही काही तास टिकतो. त्यामुळे मधुमेहात 'रविवारी सिंहगड' यापेक्षा 'रोज अर्धा तास' याची किंमत जास्त. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि वय झालेल्यांसाठी त्याच्या जोडीला तोल सांभाळण्याचे व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतकं. हे १५० मिनिटं सांगणं सोपं आहे. मी रोज सांगते. पण पेशंट ते वर्षभर पाळतो की नाही, हे माझ्या सांगण्यापेक्षा त्याच्या दारापासून बागेच्या फाटकापर्यंतच्या रस्त्यावर जास्त ठरतं.

हे मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. ज्यांच्या घरापासून बाग चालत पाच-सात मिनिटांवर आहे, ते आजारपण, लग्नकार्य, गणपती अशा खंडानंतरही परत सुरू करतात. ज्यांना स्कूटर काढून जावं लागतं, ते जानेवारीत सुरू करतात आणि होळीपर्यंत थांबतात. यात आळसाचा भाग कमी असतो. मुलगा ऑफिसला गेला, गाडी गेली, रिक्षाचं भाडं रोज कोण देणार, असं साधं गणित असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही घरापासून सुमारे ३०० मीटरवर, म्हणजे पाचेक मिनिटांच्या चालीवर, अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी असं सुचवलेलं आहे. तो आकडा वाचला तेव्हा मला तो माझ्या दवाखान्यातल्या अनुभवाशी अगदी जुळणारा वाटला.

दुसरा भाग हवेचा, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. 'चालायचंच ना, मग रस्त्याच्या कडेने चाललं तर काय बिघडतं' असं पुष्कळ जण विचारतात. लंडनमध्ये याचा नेमका अभ्यास झाला आणि तो २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. साठीच्या पुढच्या ११९ जणांना, त्यात काही धडधाकट, काही हृदयविकाराचे आणि काही फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास चालवलं आणि एकदा डिझेल बस आणि टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास. बागेत चालल्यावर फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यावर हा फायदा बराचसा पुसला गेला. माणसं तीच, चाल तीच, फक्त हवा वेगळी. आपल्या पौड रोडच्या किंवा हायवेच्या सर्व्हिस रोडच्या कडेने संध्याकाळी सात वाजता चालणाऱ्या ज्येष्ठांना बघून मला हाच अभ्यास आठवतो.

पण बागेत गेलं की हवा आपोआप शुद्ध, असंही धरून चालू नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेची हवा वाईट असते. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा खालीच बसून राहते, वर जात नाही, आणि धूर-धूळ त्यात अडकते. त्यात कुठे पालापाचोळा जाळलेला, कुठे वॉचमनची शेकोटी. ऊन वर आलं की हवा हलते आणि हे कमी होतं. शिवाय कडाक्याच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, ब्लडप्रेशर चढतं. तरीही आपल्याकडे पहाटे पाचला उठून फिरायला जाणं हे सद्गुणाचं लक्षण मानलं जातं. वडिलांना थंडीतले ते दोन महिने आठनंतर किंवा संध्याकाळी जाऊ द्या. पुण्यातच असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची 'सफर' ही यंत्रणा शहरातल्या हवेची रोजची स्थिती सांगते. ती बघायची सवय लावून घ्या.

झाडांच्या सावलीबद्दल वेगळं फार सांगायला नको. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, तिने भोवतालची उष्णता शोषली जाते, आणि सावलीमुळे डांबर-सिमेंट तापत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पर्जन्यवृक्षांच्या किंवा वडांच्या छायेतल्या जुन्या गल्लीतून नव्या रुंद रस्त्यावर आलात की कातडीलाच कळतं. वय झालेल्यांची तहानेची जाणीव मंदावते, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून उन्हाळ्यात त्यांना हा फरक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त लागू होतो.

आता मनाचं. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण तुम्ही प्रश्नात साखर, ब्लडप्रेशर, गुडघे लिहिलेत, पण दोघं आपलं गाव सोडून येताहेत हे ओझरतं लिहिलंत. माझ्याकडे मुलांकडे राहायला आलेले सोलापूर, नांदेड, जळगावचे आईवडील बरेच येतात. पहिल्या वर्षात त्यांच्या तक्रारी असतात झोप न लागण्याच्या, पोट साफ न होण्याच्या, छातीत धडधडण्याच्या. तपासण्या बहुतेक ठीक येतात. गावी दुकानदार, देवळातले लोक, शेजारीपाजारी अशी दिवसभरात माणसं भेटायची. इथे सकाळी नऊला दार लागतं ते संध्याकाळी सातला उघडतं. याला मी आजारच मानते, आणि त्यावर गोळीपेक्षा बागेतल्या बाकावरचा गट जास्त काम करतो. पुण्यातल्या बागांमध्ये हे आपसूक होतं. हास्यक्लब असतो, ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी असतात, एका कोपऱ्यात रोज त्याच वेळी तेच पाच-सहा जण बसलेले असतात. नवा माणूस चार दिवस दिसला नाही तर पाचव्या दिवशी त्याची चौकशी होते. क्लबहाऊसमध्ये हे होऊ शकतं, नाही असं नाही, पण मला तिथे जिम वापरणारी तरुण मुलं जास्त आणि त्यांचे आईवडील कमी दिसले आहेत.

झाडांचा स्वतःचाही मनावर परिणाम असतो. स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली केलेल्या एका प्रयोगात लोकांना दीड तास चालायला लावलं, अर्ध्यांना झाडाझुडपांतून आणि अर्ध्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून आलेल्यांच्या मनात तेच तेच नकोसे विचार घोळत राहणं कमी झालं, आणि मेंदूच्या ज्या भागाचा याच्याशी संबंध आहे तिथली हालचालही मंदावलेली दिसली. प्रयोग लहान होता, अवघे ३८ जण. तरी ज्यांना रात्री तीनला जाग येऊन विचारांचं चक्र सुरू होतं अशा पेशंटना मी औषध लिहिताना संध्याकाळची बागेतली फेरीही लिहून देते, आणि पुढच्या भेटीत दोन्हींबद्दल सारख्याच गांभीर्याने विचारते.

अकराव्या मजल्यावरून दिसणाऱ्या टेकडीचं काय, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही किंमत आहे. १९८४ साली रॉजर उल्रिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातली जुनी नोंदपत्रं तपासली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. म्हणजे नुसतं दिसणंही कामाचं. अंथरुणाला खिळलेला माणूस घरात असता तर मी बालेवाडीच्या बाल्कनीला झुकतं माप दिलं असतं. तुमचे वडील चालते-फिरते आहेत. त्यांच्या साखरेवर बाल्कनीतल्या दृश्याचा परिणाम होणार नाही, पायांचा होईल.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मी सांगते, कारण सातवं वर्ष हे चष्मा लागण्याच्या वाटेवरचं वय आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा मैदानात काढायला लावलं. तीन वर्षांनी त्या शाळांमधल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसण्याचा दोष आला होता, इतर शाळांत तो सुमारे ३९ टक्क्यांना आला. बाहेरच्या प्रखर उजेडाचा यात मोठा वाटा आहे असं मानतात. घरातला दिवा कितीही लखलखीत असला तरी तो उजेड बाहेरच्या तुलनेत फार मंद असतो. तेव्हा आजोबांनी नातीला बोटाला धरून रोज दिवसाउजेडी बागेत नेलं, तर एका फेरीत दोघांचं काम होतं. यासाठीही बाग चालत जाण्याइतकी जवळ हवी, आणि मधला रस्ता सात वर्षांच्या मुलीला घेऊन ओलांडता येण्यासारखा हवा.

बागेकडून जे मिळत नाही तेही सांगून ठेवते. पहिलं, डी जीवनसत्त्व. 'आम्ही रोज कोवळ्या उन्हात फिरतो, तरी रिपोर्टमध्ये डी कमी कसं?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. कारण असं की त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच बरेचसे अडतात. ते मिळतात साधारण अकरा ते दोनच्या उन्हात, आणि त्या वेळी महापालिकेच्या बहुतेक बागा बंद असतात. आपल्या सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो, आणि काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. म्हणून सकाळच्या फेरीवर विसंबून डी ची गोळी बंद करू नका. दुसरं, मधुमेहाची आणि ब्लडप्रेशरची औषधं. चालण्याने डोस कमी होऊ शकतो, तो डॉक्टरांनी कमी करायचा असतो.

आणि अनवाणी चालणं. दवाने ओल्या गवतावर अनवाणी चाललं की डोळे सुधारतात, साखर उतरते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. मधुमेह जुना असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असते. काटा, काच, बाभळीचा तुकडा टोचलेला कळत नाही, तीन दिवसांनी पाय सुजतो, आणि तिथून पुढे जे होतं ते मी पाहिलेलं आहे. वडिलांना बागेत चप्पलही नको, मऊ मोज्यांवर बंद बूट घालू द्या, आणि रात्री झोपताना तळपाय डोळ्यांनी तपासायचे. स्वतःला वाकून दिसत नसेल तर आरसा, नाहीतर आईने बघायचं.

पुण्याच्या हिरवाईचे काही खास त्रासही आहेत. गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्याची देशातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, आणि आजही ते मोकळ्या प्लॉटवर, नाल्याकाठी, टेकडीच्या पायथ्याशी माजलेलं असतं. त्याच्या स्पर्शाने काहींना चिवट पुरळ उठतं, परागकणांनी शिंका आणि दम. घरात कोणाला दमा असेल तर बागेला लागून असा प्लॉट आहे का ते बघाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सप्तपर्णी फुलते, तिच्या उग्र वासाने पुष्कळांचं डोकं दुखतं. सोसायटीच्या गेटवरच रांगेने लावलेली असेल तर महिनाभर खिडक्या बंद राहतील. पावसाळ्यात झाडीपेक्षा साचलेलं पाणी डासांचं घर असतं: कुंड्यांखालच्या बश्या, बंद पडलेलं कारंजं, टायर. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून त्या महिन्यांत पूर्ण बाह्या आणि पूर्ण पायजमा. कबुतरांना दाणे टाकण्याची जागा असेल तर वडिलांचं बाक तिथून दूर असू द्या. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते.

टेकड्यांबद्दल तुम्ही फार आशेने लिहिलंय. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी या पुण्याला लाभलेल्या फार मोलाच्या जागा आहेत, आणि त्या राहाव्यात म्हणून जे नागरिक वर्षानुवर्षं झटताहेत ते माझ्या मते सार्वजनिक आरोग्याचंच काम करताहेत. पण वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर आहे आणि शहर ५६० च्या आसपास. ७१ वर्षांच्या मधुमेही माणसाने ईसीजी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर पुढची तपासणी करून घेतल्याशिवाय एकदम चढ घेऊ नये. मधुमेहात हृदयाचं दुखणं कधीकधी छातीत न दुखता नुसता दम लागणं, घाम येणं, जबडा भरून येणं अशा रूपात येतं. असं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि एकटं उतरत बसायचं नाही, कोणाला तरी हाक मारायची. उताराची मुरूम-गोट्यांची वाट आईच्या गुडघ्यांना तर नकोच. टेकडी तुमच्यासाठी आणि मुलीसाठी, सुट्टीच्या सकाळी.

तीच गोष्ट लांबच्या सुंदर बागांची. एम्प्रेस गार्डनमधले जुने वृक्ष किंवा सिंहगड रस्त्यावरचं, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं केलेलं पु. ल. देशपांडे उद्यान इथे महिन्यातून एकदा सगळ्यांनी जा, आनंदच आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ सालच्या एका पाहणीत असंही दिसलं की आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त होतं, मग ती एका दमात असोत की तुकड्यांत. मनासाठी ते चालेल. साखरेला मात्र तुकडेच हवेत, आणि रोज हवेत.

मग ठरवायचं कसं? कागदावर नको. आईवडील पुण्यात आले की दोघांना दोन्ही ठिकाणी घेऊन जा, त्यांची फिरायची जी वेळ असते त्याच वेळी. इमारतीच्या दारापासून बागेच्या फाटकापर्यंत त्यांच्या चालीने चाला, तुमच्या नव्हे. वाटेत फुटपाथ सलग आहे की दर चार पावलांवर चढउतार, दुचाक्या, विजेचे डीपी बॉक्स. रस्ता ओलांडताना आई बिचकते का. पेव्हर ब्लॉक डुगडुगतात का, पावसात शेवाळं धरेल असा भाग आहे का. बागेच्या आत स्वच्छतागृह उघडं आणि वापरण्यासारखं आहे का, कारण मधुमेही माणूस आणि लघवीची घाई असलेली साठीतली बाई याच एका कारणाने बाग सोडतात, आणि ते कारण कोणाला सांगत नाहीत. दर दोन-तीन मिनिटांच्या चालीवर पाठ टेकायला येईल असं बाक आहे का. संध्याकाळी दिवे लागतात का. भटकी कुत्री किती आणि कशी आहेत. बाग कधी उघडते, कधी बंद होते. मग वीस मिनिटं बाकावर बसा आणि तिथल्या नेहमीच्या मंडळींशी वडिलांना बोलू द्या. परत निघताना त्यांचा चेहरा बघा, मग मला वाटतं निम्मं उत्तर मिळालेलं असेल.

मला आज ठरवायला सांगितलंत तर मी कोथरूड म्हणेन, मात्र वरची फेरी मारून बाग कागदावर आहे तशीच प्रत्यक्षात आहे हे कळल्यावर. बाग कुलूपबंद असेल, किंवा मधला रस्ता ओलांडणं जिवावरचं असेल, तर माझं मत उलटं. बालेवाडीच्या सोसायटीत गाड्या तळघरात जात असतील आणि आतला रस्ता मोकळा, सावलीचा, वाहनांशिवायचा असेल, तर तोही चालायला उत्तम आहे. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं साखरेला फार मानवतं, आणि त्या वेळी बाग बंद झालेली असते. तिथे सोसायटीचा आतला रस्ताच उपयोगी पडतो. बालेवाडी घेतलीत तर लॉन बघून समाधान मानू नका, त्या आतल्या रस्त्यावर बाकं आणि सावलीची देशी झाडं लावून घ्यायला पहिल्या सर्वसाधारण सभेतच विषय मांडा. आणि आईवडिलांच्या गटाची सोय तुम्हालाच करावी लागेल, जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात स्वतः नेऊन नाव घालून यावं लागेल. एक खोली कमी पडण्याची अडचण खरी आहे, मी ती हलकी करत नाही. मुलगी मोठी झाल्यावर ती टोचेल. पण पुढची सात-आठ वर्षं वडील किती स्वतःच्या पायांवर राहतात यावर घरातल्या सगळ्यांचंच जगणं ठरणार आहे.

सुरुवात करताना दोन काळज्या. वडिलांच्या औषधांत ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर चालणं वाढल्यावर साखर एकदम उतरू शकते. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजची पावडर, आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद असावा. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं की आधी साखर खायची, मग बसायचं, मग फोन. रिकाम्या पोटी लांब फेरी नको. पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटं दोन वेळा, मग हळूहळू वाढवा. आईला सपाट ट्रॅकवर, मध्ये बसत बसत, आणि घरी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन. महिन्याभराने जेवणाआधीची आणि नंतरची साखर तपासून दोन्ही आकडे तुमच्या डॉक्टरांकडे न्या. वडिलांच्या सध्याच्या गोळ्यांची नावं आणि शेवटचा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) इथे लिहिलात, तर चालायची वेळ कोणती ठेवावी हे मला जास्त नेमकं सांगता येईल.